दुपारच्या झोपेची नोंद

(व्हिडिओ कॉल. सुनेकडे सकाळ, सासूबाईंकडे दुपार.)

सून : …नाही आई, 'हट्टीपणा करते' असं नाही लिहायचं. ते तुमचं मत झालं. ठमीच्या झोपेची ही वही माझ्या अभ्यासाची आहे, तीत फक्त दिसलं ते लिहायचं.

सासूबाई : मला हट्टीपणाच दिसला.

सून : आमच्या बाई म्हणतात, मत मध्ये आलं की मूल दिसत नाही.

सासूबाई : तुमच्या बाईंना मुलं किती?

सून : …एकही नाही.

सासूबाई : छान. लेकरं कशी वाढवावीत ते शिकायला तू विमानात बसून त्यांच्याकडे गेलीस, आणि तुझं साडेतीन वर्षांचं लेकरू माझ्या गळ्यात. शेजारीण विचारते, सून तिकडे काय शिकते? मी खरं ते सांगते, तर तिला वाटतं मी चेष्टाच करतेय.

सून : दीड वर्षाचा तर प्रश्न आहे. चार महिने गेलेसुद्धा. वाचा ना, वीसच मिनिटं सुट्टी आहे. इथल्या बालवाडीत पोरांच्या कोटांच्या खोलीत बसलेय, बाक एवढासा, गुडघे हनुवटीला लागलेत.

सासूबाई : रुळलीस का पण?

सून : रुळतेय. काल एक पोरगा रडत होता, चटकन उचलला. बाईंनी घड्याळ दाखवलं. आधी दोन मिनिटं नुसतं शेजारी बसायचं म्हणे. आणि इथे कुणी कुणाला भरवत नाही. मी घास उचलला की सगळ्या अशा बघतात, जणू मीच त्याच्या ताटातलं खातेय.

सासूबाई : बरं, ऐक. 'एक वाजता. ठमी अंथरुणावर. डोळे उघडे. सव्वा वाजता. डोळे उघडे. मी थोपटलं. दीड वाजता. माझा डोळा लागला.'

सून : आई!

सासूबाई : झालं तेच लिहिलं. 'पावणेदोन. मला जाग. माझ्या पदराचं टोक ठमीच्या मनगटाला बांधलेलं.'

सून : कुणी बांधलं?

सासूबाई : तिनंच. दोन गाठी. सोडवताना माझी नखं निघायची वेळ आली.

सून : कालच?

सासूबाई : पदर आठवडाभर झाला. झोप त्याच्या आधीपासूनच नाही.

सून : कधीपासून?

सासूबाई : कारण लिहायचं नाही म्हणालीस ना?

सून : लिहू नका. सांगा.

सासूबाई : तू गेलीस त्या दुपारपासून. तुझी परीक्षा होती, म्हणून बोलले नाही.

सून : आई, मी रोज सकाळी इथे दारात उभी असते. पोराला खेळात गुंतवून हळूच सटकणारी आई दिसली की तिला अडवायचं, हे माझं काम. म्हणायचं, रडू दे, पण सांगून जा. नाहीतर त्याला वाटतं, आपली नजर हलली की माणूस नाहीसं होतं. परवा एकीला चांगलं सुनावलं. बाईंनी शाबासकी दिली.

सासूबाई : झोपेतच निघ, असं मीच म्हणाले होते. निघताना रडारड नको म्हणून.

सून : तुम्ही म्हणालात, निघाले मी. बूट हातात घेऊन. कडी वाजू नये म्हणून दाराशी घामाघूम झाले होते.

सासूबाई : आणि मी मागून हातानं 'जा, जा' करत होते. हे लिहू वहीत?

सून : लिहा. दिसलं ते.

सासूबाई : तुझ्या बाई मार्क कापतील.

सून : कापू देत. तिला द्या फोन.

सासूबाई : ठमे, आई आहे बघ. पदर सोड की… बरं, धर, पण इकडे बघ.

सून : ठमे, त्या दिवशी तू झोपली होतीस आणि मी तुला न सांगता गेले. माझं चुकलं.

ठमी : माहितीये. तुझे बूट पण नव्हते.

सून : आता माझी सुट्टी संपली. म्हणून सांगतेय, मी जाते. उद्या याच वेळी येते. तुला रडायचं असेल तर रड.

ठमी : मी नाही रडत. तू डोळे मीट.

सून : का गं?

ठमी : मीट ना. मिटलेस?

सून : मिटले.

ठमी : आजी, आता फोन ठेव. हळू. वाजवू नकोस.