उद्याच्या परीक्षेची तालीम

(जालन्याच्या मिशन दवाखान्यात नर्सिंग शिकणाऱ्या मुलींची खोली. पिंपळगावहून आलेल्या सगुणाबाई बाजेवर आडव्या पडल्या आहेत. त्यांची विधवा सून द्वारका चादर बदलते आहे.)

सगुणाबाई : अगं, चादर बदलायची तं मला उठू दे की.

द्वारका : न्हाई आत्याबाई. तुम्ही दुखणेकरी. कुशीवर वळा. अर्धी जुनी गुंडाळायची, अर्धी नवी अंथरायची. मंग तुम्ही इकडं वळलात की राह्यलेली ओढून घ्यायची.

सगुणाबाई : अन् पांघरूण का काढलं न्हाईस?

द्वारका : माणसाला उघडं टाकू न्हाई. थंडी वाजते, अन् लाज बी असते.

सगुणाबाई : बराबर हाय. एवढं येतं, मंग मागच्या बारीला नापास कशी झालीस?

द्वारका : ह्यातच झाले. परीक्षा घ्यायला हैद्राबादहून आलेल्या बाई म्हणल्या, हात चांगला चालतो, पण तू दुखणेकऱ्याच्या तोंडाकडं बघतच न्हाई. ओठ निळे पडले तरी तुला कळायचं न्हाई.

सगुणाबाई : का बघत न्हाईस?

द्वारका : वयस्कर बाई दिसली की मान आपसूक खाली जाते. तुमच्याच घरचं वळण.

सगुणाबाई : वळण चांगलंच हाय. पण ते घरात. उद्या बी नापास झालीस तं?

द्वारका : तं मामंजी म्हणलेत, शिकणं बास, घरी यायचं.

सगुणाबाई : मला त्यासाठीच धाडलंय. निकाल लागला की घेऊनच ये म्हणले.

द्वारका : तुम्ही काय म्हणल्या?

सगुणाबाई : काय म्हणते मी? गाडीत बसले. आता मी सासू न्हाई, दुखणेकरी हाय. बघ माझ्याकडं.

द्वारका : आत्याबाई...

सगुणाबाई : मान वर. आणखी वर. काय दिसतंय?

द्वारका : तुम्ही हसून राह्यल्या.

सगुणाबाई : ते कुणालाबी दिसंल. तुला शिकवलंय काय?

द्वारका : ओठ बघायचे, श्वास बघायचा. डोळे... थांबा, खालची पापणी जरा ओढते.

सगुणाबाई : ओढ. तिथं काय असतं?

द्वारका : अंगात रगत असलं की आतून लाल दिसती. तुमची पांढरी हाय. आत्याबाई, चढावर दम लागतो का?

सगुणाबाई : वय झालं आता.

द्वारका : वयाचं न्हाई हे. पाय सुजतात?

सगुणाबाई : संध्याकाळी सुजतात. तुला कुणी सांगितलं?

द्वारका : कुणी न्हाई. इतकी वर्षं एका चुलीपाशी बसलो, अन् मला दिसलं न्हाई. उठा, डॉक्टरीणबाईंना दाखवू.

सगुणाबाई : आधी तुझा अभ्यास होऊ दे.

द्वारका : न्हाई. आधी तुम्ही.

सगुणाबाई : बरं, चल. पण द्वारके, उद्या जी बाई तुझ्यापुढं असंल ना, तिलाबी असंच विचार. आमाला कुणी विचारत न्हाई गं.