हिकिसनच्या चढावर

पेयो : झाकणाला हात लावू नकोस, अमा. पाणी उकळतंय, तोंडावर उडेल.

मायालेन : कळतं मला. तापलेला रेडिएटर काय आज पहिल्यांदा बघतेय? तुझ्या जन्माच्या आधीपासून या रस्त्यावरच्या गाड्यांना पाणी पाजतेय मी.

पेयो : मग ही पिकअप चढावर तापते हेही माहीत असेल. डॅडनी बजावलं होतं, हिला फॅलनच्या पलीकडे न्यायचं नाही.

मायालेन : नाही नेली मी फॅलनच्या पलीकडे.

पेयो : नाहीच नेलीस. फॅलन पश्चिमेला. सकाळी कांदे आणायला फॅलनला म्हणून निघालीस आणि सापडलीस इथं, ऑस्टिनच्याही पुढं, हिकिसनच्या चढावर. कांदे काय आता युरेकात पिकायला लागले?

मायालेन : तुला कुणी सांगितलं मी इकडं आले म्हणून?

पेयो : ऑस्टिनच्या पंपावर काम करणाऱ्या रोडानं, फोनवर. म्हणाली, तुझी आई भरधाव गेली, मी हात केला तर बघितलंसुद्धा नाही. मी रस्त्याचे खड्डे बुजवत होतो, डांबर तसंच टाकून आधी घरी गेलो. तिकडं आपल्या खानावळीत सायकलवाल्यांचा सगळा घोळका बसला असेल जेवायला, आणि चुलीपाशी कुणी नाही.

मायालेन : कुणी नाही कसं? तुझे वडील आहेत.

पेयो : ते माझ्या गाडीत आहेत.

मायालेन : इथं आणलंस त्यांना?

पेयो : मी नाही आणलं. दारापाशी गाडी थांबवली तर ते स्वतःच येऊन बसले. आता म्हणतो उतरा, तर म्हणाले, आधी तिला पाणी दे. घे. आणि त्या दगडाच्या सावलीला बस जरा.

मायालेन : बसायचं नाही मला. बसूनच होते इतकी वर्षं.

पेयो : तू? बसून? तुला तर दोन मिनिटं एका जागी बघितलेलं मला आठवत नाही. गेले दोन महिने तर विचारूच नकोस. पुसलेलं टेबल पुन्हा पुसतेस. गिऱ्हाईक बोलत असतं आणि तू दारात जाऊन उभी राहतेस. डॅड म्हणतात, तिच्या पायाला भिंगरी लागलीये.

मायालेन : पायाला लागली असती तर बरं झालं असतं. पाय गेले असते कुठंतरी. ही इथं आत लागलीये, छातीत. चैन पडू देत नाही.

पेयो : डॉक्टरांना सांगितलंस?

मायालेन : डॉक्टर काय करणार याला? सकाळचं ऐक. त्या सायकलवाल्यांतली एक पोर होती, उन्हानं नाक सोललेलं. टेबलावर नकाशा पसरून बसली. मला विचारते, पुढं काय काय लागतं? मी लागले सांगायला, नेहमीचं. न्यू पासची खिंड चढा, मग ऑस्टिन, मग या खिंडी, मग युरेका, एली. शेवटची सॅक्रामेंटोची खिंड उतरलात की समोर नुसतं पांढरं, सपाट, डोळे दिपतील असं, आणि त्याच्या पलीकडे युटा. तिनं सगळं लिहून घेतलं.

पेयो : मग? सगळ्यांनाच सांगतेस की तू ते. मला पाठ आहे.

मायालेन : कोपऱ्यात एक माणूस अंडी खात होता. तो हसला. म्हणाला, बाई, मी काल तिथूनच आलो. पांढरं कुठलं? हिरवंगार आहे. गवताची शेतं आहेत, त्यात पाण्याचे फवारे फिरतायत. आणि इकडून जाताना उजव्या हाताला एवढा मोठा डोंगर, माथ्यावर अजून बर्फ. तुम्ही कधी बघितलंत?

पेयो : मग काय म्हणालीस?

मायालेन : म्हटलं, मी नाही बघितलं. एलीच्या पुढं मी गेलेच नाही. एलीलाही नाही. युरेकाच्या पुढं पाऊल टाकलेलं नाही. ती पोर माझ्याकडे बघायला लागली, पेयो. हसली असती तर चाललं असतं. तिला माझी कीव आली. मी कॉफीचं भांडं खाली ठेवलं, तेलाखालचा गॅस बंद केला, तुझ्या वडिलांना म्हटलं कांदे संपलेत. फाटकापाशी आले आणि चाक उजवीकडं वळवायचं ते डावीकडं वळवलं.

पेयो : एवढंच?

मायालेन : एवढंच.

पेयो : अगं, मग सांगायचं. पुढच्या महिन्यात सुट्टी काढली असती, मी नेलं असतं. सीमेवरच्या बेकर गावापर्यंत जाऊन यायला एक दिवस पुरतो. रस्ता कुठं पळून चाललाय? तुझ्या दारातून तर जातो.

मायालेन : दारातूनच जातो ना! तेच तर. आधी टपालवाले घोड्यांवरून गेले. घोडा बदलला की पुढं. मग तारेचे खांब गेले. मग मोटारी आल्या, दोन समुद्रांना जोडणारा रस्ता म्हणून लोकांनी वर्गणी काढून आखला, तो माझ्या आजोबांच्या विहिरीवरून गेला. आजोबा समुद्रापलीकडच्या बास्क देशातून मेंढ्या वळायला आले होते. मोटारी तहानलेल्या बघितल्या, मेंढ्या सोडल्या, पाणी द्यायला बसले. मग कुठल्या मासिकानं लिहिलं की अमेरिकेतला सगळ्यात एकाकी रस्ता हा, तर त्यासाठी म्हणून लोक यायला लागले, इथून गेल्याचे शिक्के वह्यांवर मारून घ्यायला. मीच मारते शिक्के. या रस्त्यावर जो आला तो पुढं गेला. थांबलो ते आम्ही तेवढे.

पेयो : कुणीतरी थांबायला लागतंच ना. नाहीतर त्यांना पाणी कोण देणार?

मायालेन : हे तुझी आजी म्हणायची. अगदी याच शब्दांत. तुला आपलं घर हलवल्याचं सांगितलंय का मी?

पेयो : जुन्या रस्त्यावरून नव्यावर आणलं, एवढं माहीत आहे.

मायालेन : अकरा वर्षांची होते मी. कॅरल खिंडीखाली होतो आपण. एक दिवस सरकारी माणसं आली, म्हणाली रस्ता आता डोंगराच्या उत्तरेकडून जाणार, इकडचा चढ फार अवघड आहे. नवा रस्ता सुरू झाला आणि आमच्याकडची वर्दळ एकाएकी थांबली. आठवडाभर एक गाडी नाही. आई खिडकीत बसून राहायची. मग वडील म्हणाले, रस्ता येत नाही तर आपण जाऊ. घर मधोमध कापलं, पेयो. करवतीनं. दोन तुकडे दोन ट्रॉल्यांवर चढवले. मुलांनी मागच्या गाडीत बसायचं असं ठरलं होतं, पण मी स्वयंपाकघरात लपून बसले. टेबलाखाली.

पेयो : ट्रॉलीवरच्या घरात?

मायालेन : घर चालायला लागलं आणि मी बाहेर येऊन खिडकीपाशी उभी राहिले. भांडी कपाटात खुळखुळत होती. आणि खिडकीतून झुडपं मागं जायला लागली. रोजची झुडपं, रोजची टेकडी, सगळं मागं चाललेलं. पडदा हलतोय, चूल तिथंच आहे आणि बाहेर दरवेळी वेगळं. मला वाटलं, आता असंच जायचं. ऑस्टिन, एली, ती सगळी नावं जी मी लोकांच्या तोंडून ऐकली होती ती एकेक करून खिडकीत येणार. मी खूश होते. तेवढी खूश मी तुझ्या जन्माच्या वेळी पण नव्हते, राग मानू नकोस.

पेयो : नाही मानत.

मायालेन : डोंगराला वळसा घातला आणि घर थांबलं. आई आत आली, मला बघितलं, ओरडली पण नाही. म्हणाली, आलीच आहेस तर कॉफीचं आधण ठेव, लोक येतील. तेव्हापासून ठेवतेय.

पेयो : मला हे कधी बोलली नाहीस.

मायालेन : तू विचारलं कधी? तुझ्या हद्दीत खड्डे किती हे तुला माहीत असतं.

पेयो : उतरले बघ डॅड. आता तूच बोल त्यांच्याशी.

डेल : पाणी प्यायलीस?

मायालेन : प्यायले.

डेल : चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवायची असते.

मायालेन : माहीत आहे. घाई होती.

डेल : कसली?

मायालेन : तू परत ये म्हणशील त्याच्या आत जाण्याची.

डेल : मी अजून म्हणालो नाही.

मायालेन : म्हणशील. लग्नानंतर एलीला निघालो होतो, आठवतं? युरेकात खोली घेतली. सकाळी निरोप आला, आईचा हात भाजलाय, आपल्या पंपावर कुणी नाही. तू म्हणालास, चल परत, पुढं काय बघायचंय? मी बघितलंय सगळं, काही नाही तिकडं. आणि मी तुझं खरं धरलं. तू कॅन्ससहून आला होतास, सगळा रस्ता पालथा घालून. तुझ्याशिवाय मला दुसरं कोण सांगणार होतं?

डेल : मला आठवलं ते सांगितलं.

मायालेन : पांढरं आहे म्हणालास. सॅक्रामेंटोची खिंड उतरली की सगळं पांढरं. चाळीस वर्षं ते मी लोकांना सांगतेय. पांढरं नाहीये, डेल. हिरवं आहे तिथं. शेतं आहेत.

डेल : मी फेब्रुवारीत आलो होतो.

मायालेन : म्हणजे?

डेल : बर्फ होतं. खाली काय होतं मला काय ठाऊक. ट्रकवाल्यानं खिंड चढायच्या आधीच उतरवलं मला, त्याचं माझं भांडण झालं. पाय सोलून निघाले होते. मी सबंध वेळ बुटांकडे बघत चाललो होतो. वर बघितलं तेव्हा पांढरं दिसलं.

मायालेन : हे तू आज सांगतोयस?

डेल : तू आज विचारलंस. पांढरं का, असं कधी विचारलं नाहीस.

पेयो : डॅड, तुम्ही काहीतरी बोला तिला. परत चल म्हणा. तिकडं खानावळ उघडी टाकून आलोय आपण.

डेल : कुलूप लावलंय मी. सायकलवाल्यांना पाव आणि चीज देऊन बाहेर काढलं. ती पोर निरोप देऊन गेली.

मायालेन : काय म्हणाली?

डेल : वाईट वाटलं असेल तर माफ करा, म्हणून सांगितलंय. मला कळेना कशाबद्दल. आता कळलं.

मायालेन : तिची काही चूक नाही.

डेल : मी तुझ्यासाठी थांबलो इथं, मायालेन. नाहीतर मी समुद्रापर्यंत निघालो होतो.

मायालेन : तू दमला होतास म्हणून थांबलास. मी होते म्हणून राहिलास. दोन्ही खरं आहे, आणि दोन्हींबद्दल माझी तक्रार नाही. पण तू चालून चालून थांबलास. तुझं झालं होतं. माझं सुरूच झालं नव्हतं. मग आपण दोघं एका दारात उभे राहिलो आणि तुला वाटलं, आपण एकच काहीतरी बघतोय.

डेल : मी येऊ का बरोबर?

मायालेन : नको.

डेल : बरं.

मायालेन : आज नको, डेल. तू असलास की मी तुला विचारत बसेन, हे काय, ते काय. मला आधी एकटीनं बघायचंय.

पेयो : आणि बघून झालं की? बेकरपाशी नेवाडा संपतो, अमा. पुढं युटा. तिथून परत फिरणार ना?

मायालेन : तुला खरं हवंय की बरं वाटेल असं हवंय?

पेयो : खरं.

मायालेन : मला माहीत नाही.

पेयो : हे काय उत्तर झालं? तू अडुसष्ट वर्षांची आहेस. गुडघा दुखतो तुझा. डॅडना एकट्याला भाजीत मीठ किती घालायचं तेसुद्धा कळत नाही. आणि तू म्हणतेस माहीत नाही?

डेल : पेयो. किल्ली दे.

पेयो : कसली?

डेल : तुझ्या गाडीची. ही पिकअप पुढच्या खिंडी चढणार नाही. मध्ये कुठं बंद पडली तर तासभर माणूस दिसत नाही.

पेयो : आणि मी कामावर कसा जाऊ?

डेल : ते आपण बघू. दे तिला.

पेयो : तुम्ही तिला जायला मदत करताय? डॅड?

डेल : ती जाणार आहेच. मला ती बऱ्या गाडीतून गेलेली हवी.

पेयो : घे, अमा. पेट्रोल अर्ध्याच्या वर आहे. एलीत भरून घे, पुढं पंप नाही. मागच्या सीटवर पाण्याचे कॅन आहेत. ब्रेक जरा हळू दाब, तो पटकन लागतो.

मायालेन : तू रागावलास.

पेयो : मी घाबरलोय. ते वेगळं.

मायालेन : इकडं ये. एवढा मोठा झालास आणि डांबराचा वास अजून जात नाही तुझा.

डेल : हे घे. तुझे चालायचे बूट. या चपलांनी पाय सोलतील.

मायालेन : बूट आणलेस तू? म्हणजे घरातून निघतानाच तुला कळलं होतं...

डेल : दारात असतात तिथंच होते. म्हटलं, विसरली.

मायालेन : डेल.

डेल : ऊन चढतंय. नीघ.

(मायालेन पेयोच्या गाडीतून पूर्वेकडे निघून जाते.)

पेयो : वळणावर थांबली का ती?

डेल : नाही. वेग कमी केला. वळण आहे.

पेयो : तुम्ही अडवलं असतंत तर थांबली असती.

डेल : थांबली असती.

पेयो : मग?

डेल : मग मला रोज तिच्या तोंडाकडे बघायला लागलं असतं. रेडिएटर निवला का बघ. ऑस्टिनपर्यंत जाईल एवढं पाणी घाल.

पेयो : डॅड, परत येईल ना ती?

डेल : झाकण फडक्यानं धर. अजून गरम असेल.