हौदाकाठच्या छत्र्या

इटलीच्या दक्षिणेला, कलाब्रियातल्या एका बसमध्ये ऑर्नेला मांडीवर कागदांत दाबलेला छत्रीसारखा लव्हाळा घेऊन बसली होती. आफ्रिकेतला हा पाहुणा गावच्या ओढ्याकाठी कुणी न लावता आपोआप पसरलाय, असा तिचा पहिलाच शोधनिबंध उद्या छपाईला जायचा होता. पुढच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

"फिलोमेना, धुण्याच्या हौदापाशी कोण गं ती पोरगी? चिखलात उभी राहून गवत मोजत होती."

"गवत कुठलं? माझ्या छत्र्या त्या!"

"तुझ्या?"

"ईस्टर झाला की देवळातल्या फुलदाणीतून आणते. शेंडा छाटायचा, उलटा पाण्यात ठेवायचा. मुळं फुटली की हौदामागच्या ओढ्याच्या काठाला खोचायचा."

"ती तर पाद्रीबाबांना सांगत होती, आपोआप उगवलंय म्हणून."

"आपोआप? तीस वर्षं वाकून वाकून माझी कंबर गेली!"

ऑर्नेलाने डोळे मिटून घेतले.

"सगळ्या तूच लावल्यास?"

"सगळ्या. पलीकडच्या काठाच्या सोडून. तिकडे साव्हेरिओचा तो मेला चावरा कुत्रा असतो, मी कशाला मरायला जाऊ? तिथं आपल्या आपणच उगवल्यात, शंभरेक तरी. रांग नाही, काही नाही. बघवत नाही मला. आज जाऊन उपटणारच. विळा घेतलाय, कुत्र्याला हाडही घेतलंय."

"आजी!" ऑर्नेला ताडकन उभी राहिली. "विळा राहू द्या. ते हाड तेवढं मला द्या."