बेंबी बसवणारीचं पोट

माहेर माह्यं तेल्हाऱ्याकडचं. तिथं माही आत्या बेंबी बसवे. तुमाले माईत नसन, शिकले-सवरले तुमी, पन जड उचललं, पाय घसरला की बेंबी सरकते आन् पोट दुखते, असं आमच्यात समजतात. मंग मानसाले उतानं निजवाचं, बेंबीवर कनकेचा पेटता दिवा ठेवाचा, त्यावर गडवा, म्हंजे तांब्या, पालथा घालाचा, गडवा पोटाले चिकटला की हळूहळू ओढाचा, आन् मंग एरंडेल लावून चोळाचं. आत्यानं मले शिकवलं ते शपथ घालूनच, दारात आलेल्याले नाई म्हनाचं नाई.

लगन होऊन इथं राजापेठेत आली. आमचे हे सुतार. बेंबी उपाशीपोटी बसवा लागते, म्हनून उजाडलं की माह्या दारात चपलाच चपला. लेकराचं नाव काय ठेवू इथपासून सासूच्या गाऱ्हान्यापर्यंत सारं मलेच सांगत. हे गेले, पोरगी सुरतेले संसारात, पन सकाळी घर भरलेलं राहे.

दुपारी मात्र कोनी नाई. काय सांगू तुमाले, एकटीसाठी तवा तापवाचा कटाळा येते. चहात टोस्ट बुडवला, झालं जेवन. पानी याद आली तं प्याचं. तीन-तीन दिवस संडास होये नाई, कुंथून कुंथून जीव जाये.

मंग एक दिवस डाव्या बाजूले, खालतं, असं दुखाले लागलं की बस. मले वाटलं, बेंबीच सरकली, दुसरं काय! पन माही कोन बसवन? साऱ्या मोहल्ल्याचे पोटं पाह्यले मी, माह्यं पाहाले कोनी नाई, लय रडू आलं. शेजारच्या नसीमबीले बोलावलं. निजल्या निजल्या तिले सांगून राह्यली, असा दिवा ठेव, असा गडवा ठेव, आता चोळ. ते भिऊन हात लावे. मी खेकसली, दाब न व, जेवली नाईस काय? तिनं दाबलं आन् मी अशी बोंबलली! नसीमबी म्हने, बाई, आंग तपून राह्यलं तुमचं, उठा, हे बेंबीचं काम नाई. तिनंच ऑटोत घातलं.

दवाखान्यातली डाक्टरीन पोरसवदा. मशीनीत घालून पोटाचा फोटो काढला आन् म्हने, मावशी, मोठ्या आतड्याले बारीक फुगे आलेत, सायकलच्या जुन्या ट्यूबले येतात तसे. वय झालं की लय जनांले येतात, कळत बी नाई. तुमचा एक सुजला, आत पू धरला, अजून चोळलं असतं तं फुटला बी असता. म्या म्हटलं, बाई, मी तं बेंबी बसवनारी. हासली नाई ते. इचारलं, किती जनांचं पोट चोळता?

हे मले लागलं.

सलाईन, सुया, दोन दिवस नुसतं पातळ. आपरेशन टळलं. मंग मऊ भात, आन् सूज उतरल्यावर हळूहळू भाकर, भाजी, सालीची डाळ. पानी भरपूर, कुंथाचं नाई, मनानं दुखीची गोळी घ्याची नाई. म्या इचारलं, टमाट्याच्या बिया फुग्यात अडकतात म्हनतात? म्हने, खा खुशाल. फुगे काही जात नाईत, ते सुजू द्याचे नाईत एवढंच आपल्या हातात.

घरी आली तं आठच दिवसात बडनेऱ्याची एक बाई नवऱ्याले घेऊन दारात. तो वाकलेला, हात डाव्या बाजूले, आंग गरम. बाई म्हने, दिवा लावा. म्या म्हटलं, ताप आहे, डाक्टरकडं ने, मी हात लावत नाई. ते म्हने, तुमी तं कोनाले नाई म्हनत नाई. म्या म्हटलं, आता म्हनते. बडबड करत गेली. त्याचं काय झालं, कोनी सांगाले आलं नाई.

मंग नळावर बोलनं सुरू झालं, बाईच्या हाताचा गुन गेला. मी बी साऱ्यांलेच नाई म्हनाले लागली. मले का आतलं दिसते? आधी दहा येत, मंग दोन, आता कोनीच नाई. पोट माह्यं ठीक आहे, घर खायाले उठते. नसीमबी येते कधीमधी, तिच्यामागं तिचं लेकराबाळाचं खटलं आहे. आत्या वरून शाप देत असन तं देवो. मानसं वाचले पाह्यजेत, मंग माह्या दारात नाई आले तरी चालते. चालते म्हनते मी, पन चालत नाई.

तुमी काहून उठले? बसा न. नसीमबी सोडली तं पोट दुखत नसतानी माह्या घरी आलेले तुमी पयलेच. च्या ठेवते. खुशाल राहा बाप्पा, पोटभर जेवा, आन् एकटे जेवू नका.