ट्रेलर वटारपर्यंत जातो

नाही हो, सही करणार नाही असं कुठं म्हटलं मी — करते ना, पण आधी बसा तर खरं. तिथं नको, त्या पायरीला मुंग्या लागल्यात, इकडे खुर्चीवर बसा. शेजारचा बेसिल गेलाय हायड्रा क्रेन आणायला, ती आगाशीवरून येणार, म्हणजे अर्धा तास धरा, आणि बेसिलचा अर्धा तास म्हणजे पाऊण. तोवर तुमचं मागचं चाक काही बावखलातून आपणहून वर यायचं नाही. बावखल — तुमच्याकडे नसतं का? तळं हो, वाडीतलं, केळीला पाणी मिळावं म्हणून पूर्वीच्या लोकांनी खणलेलं. काठ दिसायला टणक आणि खाली सगळी भुसभुशीत माती. आम्हाला ठाऊक असतं, इथल्या रिक्षावाल्यांना ठाऊक असतं, तुम्हाला कसं असणार — आष्टीचे ना तुम्ही, बीडकडचे? मगाशी बेसिलला सांगत होतात ते ऐकलं मी. आणि नाव शत्रुघ्न, ते कागदावर वाचलं. चहा घ्या. साखर बेताचीच घातलीय, कमी वाटली तर सांगा, आत डबा भरलेला आहे, मला एकटीला लागते किती.

बघू तो कागद. चष्मा कुठं ठेवला मी — हां, गळ्यातच आहे. माल, ताजी केळी. गाडी, चाळीस फुटी थंड पेटीची. उचलायचं वटारवरून, तालुका वसई. पोचवायचं रॉटरडॅमला, स्वरूपच्या नावानं — स्वरूप म्हणजे माझा मुलगा. वजन पाच किलो. हसा, हसा, मोकळेपणानं हसा, पाच किलोसाठी एवढं मोठं धूड घेऊन न्हावाशेवाहून इथवर आलात, मीही हसले असते. आणि ती ताजी केळीही नाहीत, ती सुकेळी आहेत — तो बघा टेबलावर पुडा. राजेळी केळं पिकवायचं, सोलायचं, उन्हात घालायचं, रोज संध्याकाळी आत घ्यायचं, असं आठवडाभर. पार मधासारखं होतं. सहा महिने बाहेर ठेवलं तरी काही होत नाही त्याला, थंड पेटी कशाला लागते? पण आमच्या ऑफिसच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये मालाची जी यादी आहे ना, त्यात सुकेळी नाहीच. केळी आहेत. मग मी केळी निवडली. केळी म्हटलं की थंड पेटी, आणि थंड पेटी म्हटलं की पूर्ण पेटी, पाच किलो असो नाहीतर वीस टन — नियम आहे तसा.

मला कसं ठाऊक? तो नियम मीच घातलाय भाऊ. तेरा पूर्णांक पाच डिग्री — तुमच्या गाडीवर आत्ता तोच आकडा असेल, जाऊन बघा. केळ्याचं तापमान. तोही मीच भरलेला. एवढ्या वेळापासून ते मशीन घरघरतंय आणि आत काही नाही, रिकाम्या पेटीत नुसती थंडी. बंद करता येत नाही का? नाही, बरोबर, पोर्टवर तापमानाचे आकडे द्यावे लागतात.

एकतीस वर्षं केलं मी हे काम. अंधेरीला ऑफिस होतं — म्हणजे आहे अजून, मी नाहीये तिथं. कुठून कुठं माल जाणार, कुठल्या बंदरातून, कुठल्या जहाजानं, किती दिवस, किती खर्च — पार्टी फोन करायची आणि मी फोनवरच सांगायची. आशालतामॅडमना विचारा, म्हणायचे. कुठल्या बंदरात कधी खोळंबा होतो, कुठला एजंट दोन दिवस सांगतो आणि पाच लावतो, सगळं इथं, डोक्यात. मग सॉफ्टवेअर आलं. मुलंमुली चांगली होती हो ती, वाईट नाही म्हणणार मी, आठ महिने माझ्या शेजारी खुर्च्या टाकून बसली. मॅडम, तुमच्या डोक्यात जेवढं आहे तेवढं यात घालू या. घातलं. मी हात राखून नाही केलं, सगळं घातलं. मला बरंच वाटत होतं — कुणीतरी रोज विचारतंय, लिहून घेतंय. रमेश, म्हणजे माझे मिस्टर, त्याच्या आदल्याच वर्षी गेले होते, घरी तर विचारणारं कुणी नव्हतंच. आठ महिन्यांत डोकं रिकामं झालं आणि पुढं वर्षा-दोन वर्षांत माझ्या टेबलावर फोनच येईनासा झाला. एप्रिलमध्ये रिटायर झाले. नारळ दिला, शाल दिली, घड्याळ दिलं. आता घड्याळ बघून करायचं काय, ते मी अजून शोधतेय.

तर त्या आठ महिन्यांतली गोष्ट. ती मुलं म्हणाली, मॅडम, घरापासून घरापर्यंतचा एक मार्ग घालून बघू या, चाचणीसाठी, कुठलाही पत्ता घाला. मी म्हटलं, वटार ते रॉटरडॅम. यादीत वटार कुठलं असायला, ते मी घातलं. गावाचं नाव, पिनकोड, जवळचं बंदर, आणि मग एक प्रश्न येतो — इथपर्यंत चाळीस फुटी ट्रेलर जातो का. होय किंवा नाही. नाही म्हटलं तर सॉफ्टवेअर पुढं जातच नाही, मार्ग काढतच नाही, नुसती लाल पट्टी येते. मी होय केलं. — हो. तुमचं चाक आत्ता ज्याच्यात रुतलंय ना, ती माझी खूण आहे. एकतीस वर्षांत एक खोटी खूण केली आणि ती माझ्याच दारात येऊन रुतली. तुम्ही मगाशी रस्त्याला नावं ठेवत होतात, म्युनिसिपालिटीला नावं ठेवत होतात, मी गप्प ऐकत होते. रस्त्याची काही चूक नाही त्यात. रागावू नका. म्हणजे रागावा, पण चहा संपवा.

आणि मग तो मार्ग तसाच राहिला. रोज सकाळी साडेसहाला मेल येते. नमस्कार आशालता, तुमचा मार्ग तयार आहे. वटार, न्हावाशेवा, रॉटरडॅम, घरपोच, इतके दिवस, इतका खर्च. रिटायर झाल्यावरही यायची, कारण गावांची ती सगळी यादी माझ्या नावावर, माझं खातं बंद केलं तर यादी जाईल म्हणून कुणी हात लावला नाही. खर्चाचं मी बघायची नाही. दिवस बघायची. आधी पंचवीस-सव्वीस असायचे. मग त्या लाल समुद्राकडे गडबड सुरू झाली, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली — तुम्ही पोर्टवर ऐकलंच असेल — आणि एका सकाळी बघते तर एकोणचाळीस. रात्रीत दोन आठवड्यांनी लांब गेला पोरगा. चहा तसाच गार झाला माझा त्या दिवशी. वेडेपणा आहे, कळतं मला, तो होता तिथंच होता. विमानानं दहा तासांत येतो माणूस, यायचं म्हटलं तर.

फोन? करतो की. रविवार आड रविवार करतो. व्हिडिओवर दिसतो. आई, बरी आहेस ना, गोळ्या घेतेस ना. कामात असतो, तिकडे थंडीही फार. वाईट नाही हो मुलगा. लहानपणी सुकेळी उन्हात घातली की हा राखणीला बसायचा, आणि संध्याकाळी मोजली की आठ-दहा कमीच. कावळ्यांनी नेली म्हणायचा, तोंड चिकट.

हां, तर परवाचं. परवा मेल आली ती वेगळीच. तुमच्या मार्गाची मुदत आज संपत आहे. एरवी मुदत वाढवा म्हणून खाली बटण असतं, ते नव्हतं. दोनच बटणं — बुकिंग पक्कं करा, नाहीतर मार्ग काढून टाका. कुणीतरी साफसफाई करत असणार आत, बिनकामाचं काय काय पडलंय ते काढत असणार. सकाळी साडेसहाला उठून मी ते बघत बसले, दहा वाजले, अकरा वाजले. काढून टाकलं की दुसऱ्या दिवसापासून नमस्कार आशालता नाही. कुणाचंच नाही मग. या घरात दिवसाचा पहिला शब्द तोच असतो भाऊ, मशीनचा का असेना. मी पक्कं करा दाबलं.

नाही, ठाऊक होतं मला. दाबलं की गाडी निघते हे मला ठाऊक नसेल तर कुणाला असणार. पण मला वाटलं, मध्ये फ्रान्सिस आहे. फ्रान्सिस म्हणजे आमचा गाड्यांच्या टेबलावरचा, माणिकपूरचा. दहा टनांच्या खाली चाळीस फुटी दिसली की तो फोन उचलायचाच — मॅडम, झोपेत भरलंत काय? रोजचं होतं ते आमचं. मला वाटलं, वटार बघेल, पाच किलो बघेल आणि हसत हसत फोन करेल. मग मी म्हणेन, अरे चुकून दाबलं गेलं, रद्द कर, आणि काय म्हणतोस, मार्थाचे गुडघे कसे आहेत — बायको त्याची. एवढंच. एवढ्यासाठी दाबलं मी. दोन दिवस फोन घेऊन बसलेय, आंघोळीला जाताना खिडकीत ठेवत होते. आणि आज दुपारी हॉर्न वाजला. बाहेर येऊन बघते तर ही एवढी पांढरी पेटी नारळांच्या मधून येतेय. तुम्ही मगाशी सांगितलंत तेव्हा कळलं की गाड्यांचं टेबलच आता नाही, काम थेट तुमच्या मोबाईलवर पडतं. फ्रान्सिसला काढलं की तोच गेला, तुम्हाला तरी कसं ठाऊक असणार. मीही कधी फोन केला नाही त्याला. वाटायचं, कामाशिवाय कशाला करायचा.

एकटं वाटतं हो. हे मी कुणाला बोलले नव्हते, बेसिललासुद्धा नाही, तो रोज कुंपणापाशी असतो तरी. तुम्हाला का सांगतेय, तुमचं चाक रुतलंय म्हणून. चाक नसतं रुतलं तर पाच मिनिटांत सही घेऊन गेला असतात.

द्या, करते सही, गाडी रिकामी परत न्यायची म्हणून. कुठं, इथं? आणि हे काय — माल न उचलण्याचं कारण, एकावर खूण करा. माल तयार नाही. माल तयार आहे की, हा काय पुडा, बांधून ठेवलाय, वरून प्लास्टिकसुद्धा केलंय. पार्टी हजर नाही. मी हजर आहे, मी कुठं जाणार. पत्ता चुकीचा.

नाही, इकडचा बरोबर आहे. तिकडचा.

फेब्रुवारीत घर बदललं त्यानं. आई, नवीन पत्ता पाठवतो म्हणाला. आता दिवाळी होऊन गेली. विचारला ना, एकदा विचारला, हो हो पाठवतो म्हणाला. दुसऱ्यांदा नाही विचारलं. आईनं मुलाचा पत्ता किती वेळा विचारायचा? आणि सॉफ्टवेअर रोज सांगतंय, घरपोच शक्य, हिरवी खूण. एकोणचाळीस दिवसांत त्या दारात नेऊन ठेवलं असतं त्यानं बरोबर, आणि दार उघडलं असतं भलत्याच कुणीतरी. हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. आज दुसऱ्या कुणासमोर म्हणतेय एवढंच.

ही केली खूण. पत्ता चुकीचा. आणि ही सही. तुमच्यावर काही येणार नाही, वर कुणी विचारलं तर माझं नाव सांगा, तिथं अजून ओळखत असतील मला दोघंतिघं. आणि आज संध्याकाळी मी ती दुसरी खूणही बदलणार आहे — वटारपर्यंत ट्रेलर जातो, नाही. म्हणजे तुमच्यासारखा आणखी कुणी यायचा नाही या बावखलात. मग मार्ग निघणार नाही आणि सकाळची मेलही यायची नाही. नसू दे. उद्या साडेसहाला बघू काय करायचं ते.

हायड्रा आला वाटतं. हो, बेसिलचाच आवाज, एवढा ओरडतो की राजोडीपर्यंत जाईल. उठा. थांबा — हा पुडा न्या. न्या हो, पाच किलो आहे म्हणून काय झालं, केबिनमध्ये ठेवा, आष्टीला गेलात की मुलांना द्या, सहा महिने काही होत नाही. तुमच्या पेटीत मात्र घालू नका, गारठ्यानं कडक होतात.

आणि सहीच्या खाली मी नंबर लिहिलाय. न्हावाशेवाला पोचलात की एक फोन करा. माल नाही, ठाऊक आहे मला, गाडी रिकामी चाललीय. तरी करा. पोचलो म्हणा आणि ठेवून द्या, जास्त बोलायला नको.

जा आता. तो इंजिन चालू ठेवून उभा आहे.