जिप्समचं पान

लेखक झाल्याचा माझा तोरा लासुर्ण्यात कसा उतरला, ते ऐका. मातीवरच्या पुस्तकात मी बेधडक लिहिलं होतं, जमीन पांढरी पडली की जिप्सम टाका. आमच्या चुलत्यांनी, तात्यांनी, ते वाचून एकरभर जिप्सम टाकलं. ऊस काही उगवला नाही. मी ओशाळून भेटायला गेलो.

तात्या म्हणाले, "पुस्तक झ्याक हाय. पर जिप्सम चोपण, पाणी न मुरणाऱ्या घट्ट जमिनीला चालतं. माजी माती तपासली तर खारवट निघाली. तिला चर काढून पाणी भाईर काढाय लागतं. तुला ठावं न्हवतं व्हय?"

"होतं तात्या. पण वाचणाऱ्याला अवघड जाईल म्हणून गाळलं."

त्यांनी माझ्यापुढं चहा सरकवला.

"आरं, चाळीस वरसं ती जमीन कसतोय मी. तिच्यावरचं एक पान जादा वाचाय जड गेलं आसतं व्हय मला?"