बारीक खोडं

(जपानमधल्या किशूच्या डोंगरातली कोळशाची भट्टी. पाठीचं ऑपरेशन करून आजच घरी आलेला म्हातारा तोकुजी, आणि ओसाकाची नोकरी सोडून बापाच्या धंद्यात आलेली त्याची लेक मिसाए.)

मिसाए : अजून नाही, बाबा! डोळे मिटूनच या. हं, आता उघडा.

तोकुजी : हे… हे काय? उतारावरची झाडं कुठं गेली?

मिसाए : भट्टीत! काठोकाठ भरलीय. उबामे ओकचं एकेक वाकडं खोड, खाचा पाडून, पाचरी ठोकून सरळ केलं. हाताची सालं निघाली.

तोकुजी : मिसाए, उभं काय ठेवलंस?

मिसाए : काही नाही. एकदम साफ.

तोकुजी : एका बुंध्याला पाच-सहा खोडं असतात. त्यातली बारीक?

मिसाए : तीही काढली. तुमची पाठ वाकत नाही, म्हणून राहून जातात ना ती?

तोकुजी : राहून जातात? अगं, पाठ धड होती तेव्हापासून सोडतोय! माझ्या बापानं सोडली, म्हणून मला मिळाली!

मिसाए : पण तुम्हीच म्हणता, उबामे तोडला तरी परत फुटतो.

तोकुजी : फुटतो. पण बारीक खोडं हवीत. त्यांची पानं बारा महिने हिरवी, ती मुळांना पोसतात. बोडका बुंधा रडतखडत फुटणार, आणि ते कोवळे कोंब हरणं ठेवतील होय? …हो बाजूला, बुंधे बघू दे मला.

मिसाए : बसा आधी. बसा म्हणते ना! मला सांगितलं का नाहीत कधी?

तोकुजी : आग शिकवली, डोंगर शिकवायचा राहिला. वाटलं, कोळसेवाल्याची पोर, एवढं ठाऊक असणारच.

मिसाए : बाप रे…

तोकुजी : ओढ्यापलीकडची तरी आहेत ना?

मिसाए : …पहिल्यांदा तिथलीच तोडली.

तोकुजी : काय करून बसलीस, पोरी!

मिसाए : तुम्ही खूश व्हाल म्हणून केलं हो. आणि तुमचंच एवढं नुकसान…

तोकुजी : माझं कसलं? मला जाड खोडं पुरली असती. बारीक जाड होईपर्यंत मी कुठला असायला? ती तुझी होती.

मिसाए : माझी… आणि मीच तोडली.

तोकुजी : पुस ते डोळे. उद्या जाळी आण. हरणं यायच्या आत बुंध्यांना कुंपण घालू.

मिसाए : आणि ही भट्टी?

तोकुजी : पेटव. घाई करू नको, सावकाश भाजू दे. तुझ्या वाटणीचं लाकूड आहे ते.